बाटलीतली हवा

खाली

मी माझ्या बापाच्या पोटात गुद्दा मारला.

पाण्यात गुद्दा नीट बसत नाही. हात जेवढा पुढे जातो तेवढंच आपलं अंग मागे जातं. म्हणून डाव्या हाताने त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरला, त्यांना अंगाशी ओढलं आणि उजव्या मुठीने बरगड्यांच्या खाली, मऊ जागी मारला. काचेमागे त्यांचे डोळे मोठे झाले. तोंडातून काही आलं नाही. एक बुडबुडाही नाही.

एका बाजूला प्रवाळाची भिंत होती. दुसऱ्या बाजूला नुसतं निळं. पायाखाली तेच निळं काळं होत गेलेलं. आणि बाबा ओठ मिटून वर निघाले होते, उजेडाकडे, मला लोंबकळत घेऊन.

मी पुन्हा मूठ आवळली.

वर

त्या वर्षी मी अंदमानातल्या एका लहान बेटावर डायव्हिंग शिकवायचे. नारळांच्या सावलीत एक पत्र्याची शेड, सिलिंडरांची रांग, सामान धुवायची टाकी आणि एक बोट, एवढंच आमचं दुकान. बोट निताईदा चालवायचे. निताई मंडल, तिथेच जन्मलेले बंगाली, पन्नाशीचे. हसायला त्यांना कारण लागत नसे.

आई जाऊन चार महिने झाले होते. तिच्या इस्पितळातल्या शेवटच्या दिवसांत वाऱ्यामुळे बेटावरची बोट बंद होती, आणि मी घरी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. त्या मुक्कामात बाबांनी तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. परत आले आणि कामाला लागले.

मग एका दुपारी जेट्टीवर बाबा उभे. जन्मात पहिल्यांदा विमानात बसून, तिथून पुढे बोटीने, मालवणहून थेट. खांद्याला पिशवी, पिशवीत सुके बांगडे. अख्ख्या बोटीला वास लागला होता आणि उतरणारे प्रवासी त्यांच्याकडे रागाने बघत होते.

"आधी सांगूक काय झाला होता?" मी विचारलं.

"सांगला असता तर तू नको म्हटला असतस."

"कशाक इलास?"

"माझ्या चेडवाचा काम बघूक. बंदी आसा?"

माझे वडील दाजी मेतर आमच्या गावातले बुडी मारणारे. कुणाचं जाळं खडकात अडकलं, कुणाचा नांगर रुतला, की बोलावणं यायचं. कमरेला दोरी, हातात कोयता, छातीत एक श्वास. शेवंडी, म्हणजे कपारीत राहणारे मोठे मिशाळ झिंगे, तर ते नुसत्या हातांनी काढत. लहानपणी मी होडीत बसून पाण्याकडे बघत राहायचे, आणि आता काही हे येत नाहीत असं वाटून तोंड वाकडं करायला लागले की लांब कुठेतरी त्यांचं डोकं वर यायचं, आधी शेवंडीच्या मिशा आणि मग डोकं. आता बासष्ट वर्षांचे होते. बुड्या थांबल्या होत्या, पण चालताना छाती अजून पुढे होती.

शेडमध्ये आल्यावर ते सरळ सिलिंडरांपाशी गेले. एकेकावर तळवा टेकवून बघितला, ताप बघतात तसा.

"ह्या बाटलेत काय आसता?"

"हवा."

"नुसती हवा? हयली?"

"हयलीच, ह्या बेटावरली. मशीन दाबून भरता."

त्यांनी त्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं.

"माका ह्या लावून खाली ने."

"नाय."

"लोकांक नेतस."

"लोकांक पाण्याची भीती आसता. तुमका नाय."

हे ऐकून ते खूश झाले. मी स्तुती केली नव्हती. मला खरंच काळजी होती. बुडी मारणारा माणूस वरून श्वास घेऊन जातो. तो श्वास खाली पाण्याच्या दाबाने आकसतो आणि वर आलं की होता तेवढाच होतो, म्हणून तो धरून ठेवला तरी काही बिघडत नाही. बाटलीतला श्वास तुम्ही खालीच घेता. तो धरून वर आलात तर तो फुगत जातो, आणि फुप्फुस फाटतं. त्याला फार खोलीही लागत नाही. नवशिक्याला हे एकदा सांगितलं की तो घाबरून फसाफसा श्वास घेत राहतो. पण ज्याने चाळीस वर्षं पाण्यात तोंड मिटून पोट भरलं, त्याचे ओठ कुणाच्या सांगण्याने उघडणार?

"एकच नियम आसा," मी सांगितलं. "श्वास धरून ठेवचो नाय."

"पाण्यात?"

"पाण्यात. घेयत रव्हायचो, सोडीत रव्हायचो."

"श्वास सोडलंय तर मासो पळता."

"पळां दे. आमी मासो धरूक जाणव नाय."

"मगे समुद्रात जातास कशाक?"

काय चाललंय म्हणून निताईदांनी विचारलं. मी हिंदीत सांगितलं. ते इतके हसले की तोंडातली विडी पडली.

"सही सवाल है दीदी! मैं भी रोज यही सोचता हूँ." मग बाबांकडे वळून, "बाबूजी, ये लोग पैसा देके नीचे जाता है, खाली हाथ ऊपर आता है, और बोलता है बहुत मज़ा आया."

बाबांना हिंदी जेमतेम यायची, पण एवढं कळलं. दोघांची गट्टी जमली. त्या दिवसापासून बाबा बोटीतच बसायला लागले, आणि रोज संध्याकाळी निताईदा माझ्यामागे लागायचे. "ले जाओ ना. बाबूजी तो मछली का भी बाप है."

"वही तो मुश्किल है, निताईदा."

शेवटी मी त्यांना आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते नाही म्हणतील अशी माझी आशा होती. त्यांनी रक्तदाब घेतला, कानांत पाहिलं, छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ये किसकी छाती है? जवान लड़के की है."

बाहेर आल्यावर बाबांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात त्यांना दोन दिवस सराव दिला. वाळूवर मांडी घालून बसायचे आणि मी हात हलवीन तसे, घे म्हटलं की घेत, सोड म्हटलं की सोडत. शाळेतल्या पहिल्या नंबराच्या मुलासारखे. काचेत पाणी शिरलं तर बाहेर कसं काढायचं, नळी सुटली तर परत कशी धरायची, जॅकेटमध्ये हवा भरून तरंगायचं कसं आणि ती सोडून खाली जायचं कसं, सगळं एकदा दाखवलं की येत होतं. इतकं नीट चाललं होतं की मला शंका यायला हवी होती असं तुम्ही म्हणाल. शंका होतीच. म्हणून भिंतीवर नेलं त्या दिवशी दुसरं कुणीच बरोबर घेतलं नाही.

खाली

पाण्याखाली आमचं बोलणं असं झालं. सगळं हातांनी.

— ठीक?

— ठीक.

— कान?

— ठीक.

— श्वास घ्या. सोडा.

— घेतंय मा. (हे भुवयांनी.)

— आता तिकडे. हळू.

— (उत्तर नाही.)

उत्तर नव्हतं, कारण पठार संपलं होतं.

तिथे प्रवाळाचं पठार असतं, बोटीवरून उडी मारली की लगेच खाली, पिवळं-तपकिरी, उन्हाने पट्टेपट्टे पडलेलं. त्याच्यावरून सावकाश पोहत जायचं. मग एका ठिकाणी ते तुटतं. कडा येतो. कड्यावरून खाली बघितलं तर तळ नाही. भिंत सरळ उतरत जाते, जाळीदार पंख्यांनी, जांभळ्या झुडपांनी, कपारींनी भरलेली, आणि ती कुठे थांबते ते दिसत नाही. पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण माझा दंड धरतात. आपण पडू असं वाटतं.

बाबांनी दंड धरला नाही. ते कड्याच्या पुढे जाऊन त्या निळ्यात थांबले, हात पसरून. आमच्याकडचं पाणी हिरवं, गढूळ. वीतभर पुढचं हातांनी बघायचं. आणि इथे सगळं दिसत होतं, एकदम, वर, खाली, लांब. चंदेरी माशांचा एक मोठा थवा त्यांना बघून दुभंगला आणि त्यांच्यामागे पुन्हा जुळला. बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बुडबुड्यांची माळ शांतपणे वर जात होती. घेत होते, सोडत होते. बाई ग, मी मनात म्हटलं, जमलं.

आम्ही भिंतीच्या कडेने थोडे खाली उतरलो, आणि

एका कपारीतून दोन मिशा बाहेर आल्या होत्या जाड काटेरी हळूहळू हलणाऱ्या आणि बाबांना त्या दिसल्या हे मला त्यांच्या बुडबुड्यांवरून कळलं कारण बुडबुडे थांबले होते आणि मी हात हलवला श्वास घ्या म्हणून पण त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि ते आता माझ्या शिकवणीतले नव्हते ते आमच्या गावाबाहेरच्या खडकावर होते त्यांचं डोकं खाली झालं पाय वर गेले आणि त्यांनी एक हात शेवंडीच्या पुढे नाचवला तिला तिकडे बघायला लावायला आणि दुसरा हात मागून आत घातला खांद्यापर्यंत आणि मी पाय मारत होते पोचत होते आणि हात बाहेर आला आणि हातात ती होती पंजापेक्षा दुप्पट शेपूट आपटणारी आणि त्यांनी शेवंड हातात आल्यावर नेहमी जे केलं तेच केलं म्हणजे वर बघितलं आणि भिंतीवर पाय देऊन स्वतःला ढकललं आणि तोंड मिटलेलं आणि छाती भरलेली बाटलीतल्या हवेने भरलेली आणि मी त्यांचा पाय पकडला तो निसटला मग कंबर मग जॅकेटचा पट्टा आणि त्यांच्या जॅकेटमधली हवा सोडली माझ्या जॅकेटमधली सोडली तरी आम्ही वर जात होतो कारण त्यांच्या पायांत अजून ताकद होती आणि मी मारला एकदा आणि काही नाही आणि मारला दुसऱ्यांदा

आणि फुटला. एक मोठा, चंदेरी, वाकडातिकडा बुडबुडा. त्याच्यामागे दुसरा. मग त्यांची सगळी छाती रिकामी झाली आणि त्यांनी खेचून आत घेतलं, पुन्हा सोडलं, पुन्हा घेतलं. त्यांचा हात उघडला. शेवंड शेपटीचा एक फटका मारून उलटी गेली आणि त्या निळ्यात दिसेनाशी झाली.

आम्ही एकमेकांचे पट्टे धरून तिथेच थांबलो. काचेला काच लागेल इतक्या जवळ.

— घ्या.

— (घेतला.)

— सोडा.

— (सोडला.)

— घ्या.

वर जाताना मी त्यांच्या तोंडावरून नजर काढली नाही. वाटेत थांबायचं असतं तेवढं थांबलो. त्यांनी एकदाही भिंतीकडे बघितलं नाही.

वर

"मछली कहाँ है बाबूजी?" निताईदांनी बोटीवरून ओरडून विचारलं. वरून त्यांनी आमची झटापट पाहिली होती आणि त्यांना ती गंमत वाटली होती. "सच्ची बोलो, दीदी ने मारा क्या? मैंने देखा!"

मी त्यांना शिडीवरून वर ढकललं, मागोमाग चढले, त्यांचं सिलिंडर उतरवलं, जॅकेट उतरवलं आणि त्यांच्या मानेवर बोटं दाबून बघितली. फुप्फुसाला चीर गेली असेल तर हवा कातडीखाली येते. बोटांना कुरकुर लागते. तसं काही लागलं नाही.

"बाबा, कायतरी बोला."

ते ओठांवरून जीभ फिरवत होते.

"बोला. आवाज ऐकूचो आसा तुमचो. छातीत दुखता?"

मान हलवली. नाही.

"दम लागता?"

नाही. मग त्यांनी गळ्यावर हात ठेवला.

"घसो," ते म्हणाले. आवाज फाटका होता, त्यांचा नव्हता.

आवाज फाटणं हे एक लक्षण आहे. निताईदांनी माझा चेहरा बघितला आणि हसणं बंद झालं. विचारल्याशिवायच त्यांनी इंजिन चालू केलं आणि बोट बेटाकडे वळवली. मी फळीखालची हिरवी पेटी ओढली. प्रत्येक बोटीवर असते. आत ऑक्सिजनची लहान बाटली आणि तोंडावर लावायचा मास्क. झाकण उघडलं, मास्क त्यांच्या तोंडावर धरला.

त्यांनी तो बाजूला केला.

"घेवा, बाबा."

पुन्हा बाजूला केला.

"हट्ट करू नकात! आत लागला आसात तर? घेवा!" मी एका हाताने मास्क दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट पकडून खाली, मांडीवर दाबून ठेवलं. जोर लावून. त्यांनी सोडवायचा प्रयत्न केला. मी सोडलं नाही.

मग ते एकदम शांत झाले. ते स्वतःच्या मनगटाकडे बघत होते, माझ्या हाताकडे.

मास्कच्या आतून काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी मास्क जरा वर केला.

"असोच," ते म्हणाले. आवाज मोकळा होत होता. "असोच मी धरून ठेवायचंय."

"काय?"

"तुझ्या आवशीचो हात. ती असलो मास्क काढून टाकाची, मी लावायचंय. ती काढाची. शेवटी मी हातच धरून ठेवलंय. दिसभर. डॉक्टरान सांगितल्यान, काढूक देव नकात."

इंजिनाचा आवाज होता. मी वाकून ऐकत होते.

"ती म्हणाची, घसो सुकता. म्हणाची, ह्या हवेक कायच वास नाय, ना पाण्याचो, ना चुलीचो. माका खिडकीतली हवा देवा. माका वाटला नाटकां करता." त्यांनी थुंकी गिळली. "म्हणान इलंय. बाटलेची हवा कशी लागता ती बघूची होती. उथळात काय कळाक नाय. आज भरून घेतलंय तेवा कळला."

"दुखत नाय मा कुठे?"

"नाय गो. घसो सुकलोहा, इतक्याच. वाळू खाल्ल्यासारखो." त्यांनी मास्ककडे बघितलं. "खरा सांगी होती ती. आणि मी हात धरून ठेवलंय."

आईच्या बाटलीतली हवा वेगळी होती, ती पाण्यातून नेऊन ओली करतात, आणि तिच्या फुप्फुसांना तिची गरज होती, आणि त्यांनी केलं ते बरोबरच होतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि ते सांगायला मी तोंड उघडलंही. मग दुसरंच आलं.

"बाबा, आयेन माका फोन केलेलो. आस्पतळातसून. नर्सच्या फोनावरसून."

"कधी?"

"जाण्याच्या आदी दोन-तीन दिस. वाक्य पुरा होत नव्हता तिचा. अर्धा बोलाची, थांबाची."

"माझ्याबद्दल सांगल्यान?"

"होय."

त्यांनी मान खाली घातली. बोट एका लाटेवरून उचलली आणि आपटली. निताईदा पुढे बघत सुकाणू धरून होते. कान आमच्याकडे होते, पण मालवणी कुठली कळायला.

"म्हणाली, तुझो बापूस," मी सांगितलं, आणि आई थांबत होती तसंच थांबत सांगत गेले, ते तसं का होत होतं मला कळेना, "तुझो बापूस... दिसभर... माझो हात धरून बसता गो. सगळ्या नर्सांच्या समोर. माका... लाज येता."

बाबांनी वर बघितलं.

"नर्सांच्या समोर म्हणाली?"

"होय."

"रागान?"

"नाय. हसत होती. मगे खोकलो इलो, तरी हसत होती. म्हणाली, लगीन झाल्यापासून... बाजारात सुदीक... कधी धरूक नाय, आणि आता सोडणा नाय."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते तसंच हलायला लागलं, हसण्याच्या आधी हलतं तसं.

"मी धरूक नाय?" ते म्हणाले. "बाजारात तीच माझ्या चार हात मागसून चलाची! मी उभो रव्हलंय तर तीव उभी रव्हाची. लोक काय म्हणतीत म्हणान!"

"ता माका म्हायत नाय."

"आणि सांगता माझ्यावर!"

"क्या हुआ?" निताईदांनी मागे वळून विचारलं. "बाबूजी ठीक है ना?"

मी मान हलवून हो म्हटलं. पुढचं हिंदीत सांगायला शब्द नव्हते. जेट्टी दिसायला लागली होती. मास्क बाजूला पडला होता. बाबा ओल्या फळीवर टेकून बसले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते श्वास घेत होते आणि सोडत होते. नुसती हवा. तिथली.

माझ्या लक्षात आलं की मी त्यांचं मनगट अजून तसंच दाबून धरलंय. बोटांचे वळ उठले असतील. मी हात काढायला गेले.

"रवां दे," बाबा म्हणाले.